भंडाऱ्याचा शंकरपट

धानाची मळणी उरकली, तणसाचे ढीग रचून झाले आणि पौषाची थंडी अंगांत मुरूं लागली, म्हणजे भंडारा जिल्ह्यांतील खेड्यांत एकच विषय निघतो : यंदा पट केव्हां भरावयाचा? दिवस ठरला कीं सासरीं गेलेल्या लेकींना, व्याह्यांना आणि दूरच्या सोयऱ्यांना निरोप जातात. घरें सारवलीं जातात, नवा तांदूळ निवडला जातो, आणि कापणी झालेल्या बांध्यांतून सरळ, लांब अशी धांवपट्टी आंखली जाते. बैलांच्या जोड्यांची ही शर्यत म्हणजेच शंकरपट. नंदी हें शंकराचें वाहन. त्या नंदीच्या कुळाचा हा उत्सव, असा या नांवामागील भाव आहे.

मुंबईकराला शर्यत म्हटली कीं महालक्ष्मीचें मैदान आठवतें. तें मैदान १८८३ सालचें. तेथील पहिली इंडियन डर्बी १९४३ सालीं झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटीफुल’ या घोडीनें जिंकली. डर्बीच्या रविवारीं तेथें उंची पोषाखांची आणि तऱ्हेतऱ्हेच्या टोप्यांची जणूं दुसरीच शर्यत लागलेली असते. देशोदेशींचे पाहुणे येतात, छायाचित्रें निघतात. प्रत्यक्ष घोडे मात्र २४०० मीटर धांवतात, म्हणजे सारा खेळ सुमारें अडीच मिनिटांचा. उरलेला वेळ माणसें माणसांना पाहण्यांत घालवितात. भंडाऱ्याच्या पटाचेंहि वर्म हेंच आहे. धांव कांहीं क्षणांची, मेळा एका दिवसाचा आणि एका रात्रीचा. भेद एवढाच, कीं महालक्ष्मीला माणूस तिकीट काढून जातो. पटाला तो कोणाच्या तरी घरचा पाहुणा म्हणून जातो.

हा मेळा याच भूमींत कां रुजला, हें कळण्यासाठीं तेथील शेतीकडे पाहावें लागतें. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा प्रदेश तलावांचा आणि धानाचा. कोहळी समाजाच्या कुशल हातांनीं येथें शेंकडों तलाव बांधले गेले. पुढें तेच मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊं लागले. पाणी साठवावें आणि बांधीबांधींतून फिरवून धान पिकवावें, ही येथील जीवनपद्धति. या शेतींत बैलाचें वर्ष ठरलेलें असे. मृगाचा पाऊस पडला कीं नांगर, मग चिखलणी. रोवणी आटोपल्यावर थोडा विसावा आणि पोळ्याचा मान. नंतर कापणी, वाहतूक आणि खळ्यावरची मळणी. पौष-माघांत मात्र बैल रिकामा, शेतकरी रिकामा, शेत मोकळें आणि कणगी भरलेली. पटाचा काळ कोणा पंचांगकर्त्यानें ठरविला नाहीं. तो धानानें ठरविला. मालगुजारी १९५१ सालीं गेली, तरी दारांत नामांकित जोडी असणें हें प्रतिष्ठेचें लक्षण गेलें नाहीं.

पटाच्या दिवशीं सकाळपासूनच शिवारांत गर्दी लोटते. छकडा अगदीं हलका. त्यावर धुरकऱ्याला कसेंबसें बसतां येईल एवढीच जागा. दोन जोड्या शेजारीं शेजारीं उभ्या करतात. खूण होतांच धुराळा उठतो, दोन्ही बाजूंची माणसें ओरडतात, आणि पुरता श्वास घेण्यापूर्वीं निकाल लागतो. निकालाची चर्चा मात्र वर्षभर पुरते : कोणता बैल आंतल्या बाजूस ओढतो, कोणाचा जोडीदार कच्चा निघाला, कोणत्या धुरकऱ्याचा हात सैल पडला. याच चर्चेंतून बैलांची किंमत ठरते, सोयरिकीहि जुळतात. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरच्या पटांत तर स्त्रियाहि कासरा हातीं घेऊन उतरल्या आहेत.

सूर्य मावळला कीं पटाचा दुसरा अंक सुरू होतो. पूर्वीं पाहुणे बैलगाड्यांनीं येत. वाटा जंगलाच्या, रात्रीं परतणें धोक्याचें. एका लहान गांवानें हजारों माणसांना निजण्यास जागा कोठून द्यावी? या अडचणीवर झाडीपट्टीनें जें उत्तर शोधलें, तें अपूर्व आहे. पाहुण्याला निजवूंच नये. त्याला रात्रभर जागवावें! दंडार, खडी गंमत आणि पुढें नाटक हीं या जागरणाचीं साधनें झालीं. रात्रीं उशिरां पडदा उघडावा आणि पहांटे तो पडावा. तोंवर वाट उजळलेली असते. भंडारा, १९९९ सालीं त्यांतून वेगळा झालेला गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांची ही रंगभूमि आज स्वतःच्या पायांवर उभी आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा येथें तिच्या मंडळ्यांचें ठाणें आहे. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. दिवाळीनंतरच्या मंडईंत आणि पटाच्या रात्रीं या मंडळ्यांना प्रेक्षक शोधावा लागत नाहीं. गांवानें तो आधींच जेवूं घालून बसविलेला असतो.

अशा या उत्सवावर २०१४ सालीं पडदा पडला. केंद्र सरकारनें ११ जुलै २०११ रोजीं बैलाचा समावेश खेळासाठीं शिकवूं नयेत अशा प्राण्यांच्या यादींत केला होता. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तमिळनाडूंतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रांतील बैलांच्या शर्यती यांवर बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धांवण्यासाठीं नाहीं, तो ओझें ओढणारा प्राणी आहे, असें न्यायालयानें म्हटलें. त्याच न्यायालयानें १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ ठरविला होता. त्यामुळें खेड्यांत एक बोचरा प्रश्न विचारला जाऊं लागला : श्रीमंताचा घोडा धांवला तर तें कौशल्य, आणि शेतकऱ्याचा बैल धांवला तर तो गुन्हा कां? महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायदा सुधारला. परंतु उच्च न्यायालयाच्या मनाईमुळें छकडे उभेच राहिले. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें सुधारलेला कायदा वैध ठरविला.

प्रश्नांतील बोच खरी आहे. पण तेवढ्यानें उत्तर पुरें होत नाहीं. बंदी मागणारे लोक बैलाचे वैरी नव्हते. आर लावलेल्या काठीचे टोंचे, शेंपटीची पिरगळ, चाबकाचे वळ हे कोणीं कल्पनेनें रचलेले नव्हते. पोळ्याला ज्याच्या पायांवर पाणी घालावयाचें, त्यालाच माघांत रक्त येईतों टोंचावयाचें, ही विसंगति गांवालाहि दिसत होती. नव्या कायद्यानें पूर्वपरवानगी सक्तीची केली आणि बैलाला इजा करणाऱ्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. परंतु धांवपट्टीच्या मधल्या टप्प्यावर, जेथें धुराळ्यांत कांहीं दिसत नाहीं, तेथें कायद्यापेक्षां धुरकऱ्याची लाजच अधिक उपयोगी पडते.

याहूनहि खोल असा एक बदल निमूटपणें घडत आहे. चिखलणी आतां ट्रॅक्टर करतो, मळणी यंत्र करतें. दावणीला बैल उरले कमी. जे उरले, त्यांतील कांहीं केवळ पटासाठींच पोसले जातात. दुसरीकडे राज्यांतील मोठ्या शर्यतींत मोटारसायकली आणि ट्रॅक्टर यांसारखीं बक्षिसें लागूं लागलीं. म्हणजे शेतांतून उतरलेला बैल हळूहळू शर्यतीच्या घोड्याच्या वाटेनें चालला आहे. घोडा निदान कित्येक पिढ्या वेगासाठीं पैदास केलेला. बैल मात्र नांगराच्या ओढीसाठीं घडलेला. पूर्वीं पटांत धांवणारा बैल दुसऱ्या मृगांत मालकाला हवा असे, म्हणून त्याचे पाय जपले जात. ज्याला पुढें नांगरच ओढावयाचा नाहीं, त्याचे पाय कोण जपणार? पटाचें खरें संकट न्यायालयांत नव्हतें, तें येथें आहे.

शंकरपट टिकावा असें ज्यांना वाटतें, त्यांनीं त्याचें मूळ आठवावें. तें बक्षिसांत नाहीं, पाहुणचारांत आहे. ज्या गांवानें परक्याला उपाशी जाऊं दिलें नाहीं आणि अंधाऱ्या वाटेवर ढकललें नाहीं, त्या गांवाचा पहिला पाहुणा बैल आहे. त्याच्याच श्रमानें कणगी भरत आली. पहांटे नाटक संपतें, गाड्या निघतात, लेकी सासरच्या वाटेला लागतात. त्या वेळीं दावणीचा बैल शांतपणें तणस चघळीत उभा असेल, अंगावर एकहि वळ नसेल, तर तो पट गांवानें जिंकला असें समजावें.