मुखवटा उतरल्यावर: 'स्पायडर-मॅन २' आणि प्रकाशाचे मोजमाप

१/ २००२ साली 'स्पायडर-मॅन' झळकला, तेव्हा संगणकाने घडवलेल्या माणसाला एक मोठी सवलत होती. त्याला चेहराच नव्हता. नायक मुखवट्यात, खलनायक ग्रीन गॉब्लिनही मुखवट्यात. इमारतींमधून झोके घेणारी आकृती कृत्रिम आहे हे जाणवले, तरी तिची त्वचा आणि डोळे पारखण्याची वेळ प्रेक्षकांवर फारशी आली नाही.

२/ २००४ च्या दुसऱ्या भागात ही पळवाट बंद झाली. डॉक्टर ऑक्टोपस, म्हणजे आल्फ्रेड मोलिना, उघड्या चेहऱ्याने लढतो. आगगाडीच्या प्रसिद्ध प्रसंगात तर खुद्द नायकाचाच मुखवटा उतरतो. (जाता जाता: कथेतल्या न्यूयॉर्कमधील ती उन्नत रेल्वे प्रत्यक्षात शिकागोची आहे.)

३/ चेहरा इतका अवघड का? प्रकाश त्वचेवरून केवळ परावर्तित होत नाही. त्याचा काही अंश आत शिरतो, विखुरतो आणि किंचित दूरवरून बाहेर पडतो. हे साधले नाही, तर गाल रंगवलेल्या प्लॅस्टिकसारखा दिसतो, आणि बालपणापासून चेहरेच वाचत आलेला माणूस ते क्षणात ओळखतो.

४/ यावरचा उपाय चित्रपटसृष्टीबाहेर, विद्यापीठात सापडला. पॉल डेबेवेक व सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली कल्पना विलक्षण साधी होती: त्वचा रंगवू नका, तिचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद मोजा. एका अर्धवर्तुळाकार दांड्यावर क्षणात चमकून विझणारे ३० दिवे बसवले होते. तो दांडा निश्चल बसलेल्या नटाभोवती सुमारे ८ सेकंदांत फिरे. सेकंदाला ६० चौकटी टिपणारे ४ कॅमेरे समोर असत, म्हणजे प्रत्येकाकडे ४८० छायाचित्रे, आणि दर वेळी प्रकाशाची दिशा वेगळी. प्रकाशाची बेरीज होते, हे भौतिकशास्त्रातील जुने सत्य. त्यामुळे हीच छायाचित्रे योग्य प्रमाणात मिसळली, की तोच चेहरा दुपारच्या उन्हात किंवा रात्रीच्या रस्त्यावर उभा करता येतो. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्समध्ये मार्क सॅगर आणि मंडळींनी हे मोजमाप संगणकीय शिरांवर चढवले.

५/ तरीही माझ्या मते या चित्रपटाचे खरे शहाणपण संगणक कुठे वापरला नाही यात आहे. ऑक्टोपसच्या यांत्रिक भुजा अनेक प्रसंगांत खरोखरच मोलिनाच्या पाठीवर होत्या, आणि बाहुल्या नाचवणारे कलाकार त्या हलवत. नटाला झुंजायला काहीतरी ठोस मिळाले. संगणकावर बसलेल्यांनाही खऱ्या वस्तूवर पडणारा खरा उजेड समोर दिसला. आजच्या कित्येक महागड्या उत्तरभागांत नेमके हेच हरवलेले जाणवते.

६/ पहिल्या भागाला दृश्यपरिणामांसाठी ऑस्करचे केवळ नामांकन मिळाले होते. दुसऱ्या भागाने २००५ मध्ये तो पुरस्कार जिंकला. विजेत्यांत जॉन डायक्स्ट्रा होते, १९७७ च्या 'स्टार वॉर्स'चे तेच. डेबेवेक, सॅगर, टिम हॉकिन्स आणि जॉन मोनोस यांचा अकादमीने २०१० मध्ये वेगळा तांत्रिक गौरव केला.

७/ २०२१ मध्ये 'नो वे होम'मध्ये मोलिना परतला. या वेळी भुजा संगणकाच्या होत्या आणि चेहराही संगणकानेच तरुण केलेला. दोन वर्षांनी अमेरिकी नटांनी ११८ दिवसांचा संप केला. त्यांच्या मागण्यांत एक ठळक मागणी होती: आमची संगणकीय प्रतिकृती आमच्या संमतीविना आणि मोबदल्याविना वापरू नका. नोव्हेंबर २०२३ च्या करारात या दोन्ही अटी लिहिल्या गेल्या.