‘फॉलआउट’चा पुढचा भाग : चाहत्यांच्या आशेमागची धास्ती

अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त अमेरिकेची कथा सांगणाऱ्या ‘फॉलआउट’ या व्हिडीओ गेमचा चौथा भाग नोव्हेंबर २०१५मध्ये आला, त्याला दहा वर्षे उलटून गेली. पाचवा भाग होणार, हे ‘बेथेस्डा’ कंपनीचे टॉड हॉवर्ड यांनी २०२२मध्ये सांगितले. पण तोही ‘एल्डर स्क्रोल्स’ या त्यांच्या दुसऱ्या मालिकेचा सहावा भाग झाल्यावर. त्या सहाव्या भागाची घोषणा जून २०१८मध्येच झालेली होती. म्हणजे एका प्रतीक्षेच्या पोटात दुसरी प्रतीक्षा. दरम्यान एप्रिल २०२४मध्ये ‘ॲमेझॉन प्राइम व्हिडीओ’वर ‘फॉलआउट’ची मालिका आली आणि ज्यांनी कधी गेम हाती घेतला नव्हता, अशा प्रेक्षकांनाही या जगाची ओळख झाली.

या पुढच्या भागाविषयी जुन्या चाहत्यांशी बोलू लागले, की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. त्यांच्या उत्सुकतेइतकीच त्यांची धास्तीही मोठी आहे. जी गोष्ट हवी आहे, तिचेच भय का वाटावे, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर २००३ ते २००८ या पाच वर्षांत दडलेले आहे. त्या काळात याच मालिकेच्या तिसऱ्या भागाची वाट पाहताना चाहत्यांनी ज्या शंका काढल्या, त्यांतील काही फोल ठरल्या आणि काही तंतोतंत खऱ्या ठरल्या. कोणत्या फोल आणि कोणत्या खऱ्या, हे समजून घेतले तर पाचव्या भागाकडे कसे पाहावे, हेही उमगते.

मूळ खेळाचे वेगळेपण

पहिला ‘फॉलआउट’ ऑक्टोबर १९९७मध्ये ‘इंटरप्ले’ या कंपनीने प्रसिद्ध केला. टिम केन हे त्याचे निर्माते व मुख्य प्रोग्रॅमर. कथा अशी : २०७७मध्ये अणुयुद्ध झाले आणि थोडी माणसे ‘व्हॉल्ट’ नावाच्या भुयारी निवाऱ्यांत तगली. २१६१मध्ये कॅलिफोर्नियातील तेराव्या निवाऱ्यातील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप निकामी होते. नवी चिप शोधण्यासाठी एका रहिवाशाला बाहेर धाडले जाते आणि त्याला मुदत असते १५० दिवसांची.

खेळाचे रूप साधे होते. पडद्यावर सारे वरून, तिरक्या कोनातून दिसे. लढाई बुद्धिबळासारखी, आधी आपला डाव, मग प्रतिस्पर्ध्याचा. परंतु खेळाडूच्या निर्णयाला येथे जे मोल होते, ते त्या काळी दुर्मीळ होते. पाण्याच्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन निवाऱ्याला पाणी पोहोचवले, तर मुदत १०० दिवसांनी वाढे. पण त्यामुळे निवाऱ्याचा ठावठिकाणा शत्रूपर्यंत पोहोचे. पात्र घडवताना बुद्धिमत्तेचे गुण अगदी कमी ठेवले, तर त्या पात्राला धड बोलताही येत नसे आणि समोरची माणसे त्याच्याशी तसेच वागत. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे अखेरच्या प्रतिनायकाला एकही गोळी न झाडता हरवता येई. ज्या नव्या मानवजातीचे स्वप्न तो पाहतो, ती प्रजननक्षमच नाही, हे पुराव्यानिशी पटवून दिले, की तो स्वतःच आपला शेवट करी.

१९९८मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने हेच सूत्र अधिक विस्तारले. या दोन खेळांवर वाढलेल्या चाहत्यांच्या मनात ‘फॉलआउट’ म्हणजे काय, याची व्याख्या पक्की झाली : खेळाडू जे करील, त्याची किंमत त्या जगाने वसूल केली पाहिजे.

रद्द झालेला तिसरा भाग

तिसऱ्या भागाचे काम इंटरप्लेच्याच ‘ब्लॅक आयल’ या विभागात ‘व्हॅन ब्युरन’ या सांकेतिक नावाने सुरू होते. मात्र कंपनी आर्थिक अडचणीत सापडली होती. डिसेंबर २००३मध्ये तिने या विभागातील लोकांना कामावरून कमी केले आणि खेळ अर्ध्यावर रद्द झाला. लगोलग जानेवारी २००४मध्ये खास कन्सोलसाठी बनवलेला ‘ब्रदरहुड ऑफ स्टील’ बाजारात आला. त्यात मारामारीच अधिक होती आणि मूळ खेळातील संवाद व निवड फारशी उरली नव्हती. चाहत्यांच्या दृष्टीने ही जखमेवर मीठ चोळण्यासारखीच गोष्ट झाली.

जुलै २००४मध्ये बातमी आली, की तिसरा भाग करण्याचा परवाना बेथेस्डाने घेतला आहे. पुढे एप्रिल २००७मध्ये बेथेस्डाने ५७.५ लाख डॉलर मोजून ‘फॉलआउट’चे सारे हक्कच विकत घेतले. एका परीने ही सुटका होती. मालिका आता मरणार नव्हती. परंतु ज्यांनी हे जग निर्माण केले, त्यांचा त्याच्याशी संबंध संपला होता. केन आणि त्यांचे प्रमुख सहकारी तर १९९८मध्येच कंपनी सोडून गेले होते. ज्यांनी त्यावर प्रेम केले, त्या चाहत्यांचा कागदोपत्री हक्क तर कधीच नव्हता. खेळ तयार होण्यापूर्वी बोलणे, एवढेच त्यांच्या हाती होते आणि ते बोललेही भरपूर.

शंका कोणत्या होत्या?

बेथेस्डाचा ‘ऑब्लिव्हियन’ हा खेळ मार्च २००६मध्ये आला आणि गाजला. तलवारी, जादू आणि रानावनांतून मुक्त भटकंती असा तो प्रकार. त्यात जग खेळाडूच्या डोळ्यांनी दिसे आणि लढाई अखंड चाले. त्यात एक खोड होती. खेळाडूचे बळ वाढे, तसे शत्रूंचेही बळ आपोआप वाढे. त्यामुळे परिश्रमाने मिळवलेल्या सामर्थ्याचे चीज झाल्यासारखे वाटत नसे. जून २००७मध्ये ‘फॉलआउट ३’ची पहिली झलक दाखवण्यात आली, तेव्हा ‘ऑब्लिव्हियनला बंदुका जोडल्या, दुसरे काय?’ असा टोमणा चाहत्यांमध्ये रूढ झाला.

त्या टोमण्यात तीन वेगवेगळ्या शंका होत्या. पहिली रूपाविषयी : वरून दिसणारे दृश्य आणि डावांची लढाई गेली, तर ‘फॉलआउट’ उरेल काय? दुसरी सुराविषयी : मूळ खेळातील काळा विनोद जाऊन नुसता धमाका येईल काय? खांद्यावरून लहानसा अणुबॉम्ब फेकणारे ‘फॅट मॅन’ नावाचे शस्त्र पाहून ही शंका बळावली. तिसरी शंका परिणामांविषयी होती. खेळाडू दुखावू नये, त्याची वाट अडू नये, म्हणून निर्णयांची धार बोथट केली जाईल काय?

त्या काळातील चर्चेत या तीनही शंका एकमेकींत मिसळल्या गेल्या आणि ‘जुन्या चाहत्यांना बदलच नको’ असे म्हणून त्या निकालात काढल्या गेल्या. वस्तुतः तिसरी शंका बदलाविरुद्ध नव्हती. जे टिकायला हवे, त्याविषयी होती.

प्रत्यक्षात काय मिळाले?

ऑक्टोबर २००८च्या अखेरीस ‘फॉलआउट ३’ आला. कथा २२७७मधील, स्थळ उद्ध्वस्त वॉशिंग्टन. रूपाविषयीची शंका बव्हंशी फोल ठरली. ‘व्हॅट्स’ या योजनेत वेळ थांबवून शत्रूच्या कोणत्या अवयवावर नेम धरायचा, हे ठरवता येई. जुन्या डावांचा तो नव्या काळातील अवतारच म्हणावा लागेल. निवाऱ्याचे दार उघडून प्रथमच उजेडात आल्यावर दूरवर दिसणारे भग्न शहर वरून तिरके पाहिले असते, तर एवढे अंगावर आले नसते. या खेळाला २००९च्या ‘गेम डेव्हलपर्स चॉइस’ सोहळ्यात वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला.

सुराविषयीची शंका अर्धी खरी ठरली. ‘मेगाटन’ हे न फुटलेल्या अणुबॉम्बभोवती वसलेले गाव म्हणजे अस्सल काळा विनोद होता. तो बॉम्ब निकामी करायचा, की पैसे घेऊन गावासकट उडवून द्यायचा, हे खेळाडूने ठरवायचे. परंतु एवढा ठसठशीत पेच पुढे क्वचितच येतो.

तिसरी शंका मात्र नेमकी खरी ठरली. कथेला आवश्यक पात्रे कितीही गोळ्या झाडल्या तरी मरत नसत. बेशुद्ध पडून पुन्हा उठत. कळस झाला तो शेवटी. अखेरच्या प्रसंगात किरणोत्साराने भरलेल्या दालनात कोणीतरी जाऊन प्राण द्यायचे असतात. किरणोत्साराचा ज्याच्यावर परिणामच होत नाही, असा ‘फॉक्स’ हा सोबती तेव्हा शेजारी उभा असू शकतो. त्याला ‘तू जा’ म्हटले, तर हे तुझे प्रारब्ध आहे, अशा अर्थाचे काही सांगून तो नकार देतो. खेळाडूने सुचवलेला अगदी शहाणपणाचा मार्ग केवळ लेखकाला हवा तो शेवट व्हावा म्हणून नाकारला गेला. चाहते संतापले. मे २००९मध्ये आलेल्या ‘ब्रोकन स्टील’ या पुरवणीत कंपनीने हा शेवट बदलला. फॉक्सला आत पाठवणे शक्य झाले आणि त्यानंतरही खेळ पुढे चालू राहिला.

भारतातील खेळाडूंच्या वाट्याला

भारतातील चाहत्यांच्या वाट्याला एक निराळीच निराशा आली. ऑक्टोबर २००८मध्येच मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स ३६०’वरील हा खेळ भारतात आणणार नसल्याचे जाहीर केले. सांस्कृतिक संवेदनशीलता एवढेच कारण देण्यात आले. खेळातील नेमका कोणता भाग खटकला, ते सांगितले नाही. चर्चा मात्र एका गोष्टीवर खिळली. या जगात ओझी वाहणाऱ्या दोन डोक्यांच्या गायींना ‘ब्राह्मिन’ म्हणतात आणि त्यांचे मांसही खाल्ले जाते. अमेरिकेत भारतीय वंशाच्या वशिंडाच्या गुरांपासून तयार झालेल्या जातीला ‘ब्राह्मण’ हेच नाव आहे, ही गोष्ट येथे फारशी कोणाला ठाऊक नव्हती.

अन्य देशांतही खेळाला कात्री लागली. ऑस्ट्रेलियात मॉर्फिनच्या वापरामुळे प्रथम प्रमाणपत्र नाकारले गेले आणि त्या औषधाचे नाव ‘मेड-एक्स’ करावे लागले. जपानमध्ये मेगाटन उडवण्याचा पर्यायच काढून टाकला आणि ‘फॅट मॅन’चे नाव बदलले, नागासाकीवरील बॉम्बचे नाव तेच होते. या दोन्ही ठिकाणी खेळाडूंना बदललेला का होईना, खेळ मिळाला. भारतात तो खेळून मत बनवण्याची संधीच एक्सबॉक्सधारकांना अधिकृतपणे मिळाली नाही.

दोन वाटा

पुढच्या इतिहासाने तिसऱ्या शंकेचे महत्त्व पुन्हा पुन्हा सिद्ध केले. ऑक्टोबर २०१०मध्ये ‘न्यू व्हेगास’ आला. बेथेस्डाने तो ‘ऑब्सिडियन’ या कंपनीकडून सुमारे दीड वर्षात करून घेतला. ब्लॅक आयलमधील अनेक जण या कंपनीत होते आणि रद्द झालेल्या ‘व्हॅन ब्युरन’मधील काही कल्पनाही येथे नव्याने अवतरल्या. दृश्य आणि यंत्रणा तिसऱ्या भागाचीच, पण हूवर धरण कोणाच्या ताब्यात जावे, यावरून प्रत्येक वस्तीचे भवितव्य बदले. आरंभी तांत्रिक दोष पुष्कळ होते. समीक्षकांच्या गुणांची सरासरी ८५ आली असती, तर ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता. ती ८४वर थांबली, असे तिचे लेखक ख्रिस ॲव्हलोन यांनी २०१२मध्ये सांगितले. तरीही अनेक जुने चाहते आज मापदंड म्हणून याच खेळाचे नाव घेतात.

चौथ्या भागाने उलट वाट धरली. नायकाला आवाज मिळाला. पण संवादाचे पर्याय चारवर आले आणि ते पर्याय पुष्कळदा एकाच उत्तराची चार रूपे असत. संवादांचा हा प्रयोग तितकासा जमला नाही, हे हॉवर्ड यांनीही पुढे मान्य केले. नोव्हेंबर २०१८मधील ‘फॉलआउट ७६’मध्ये तर बोलायला माणसेच नव्हती, होती ती यंत्रमानवांची आणि ध्वनिफितींची सोबत. एप्रिल २०२०मध्ये मोफत पुरवणीतून माणसे परत आणावी लागली.

पाचव्या भागाकडून काय मागावे?

आता परिस्थिती बदलली आहे. ऑब्सिडियन २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली. मार्च २०२१मध्ये ७.५ अब्ज डॉलरच्या व्यवहारातून बेथेस्डाची मालक कंपनीही तिच्याच छत्राखाली आली. त्यामुळे दोन्ही घराण्यांनी एकत्र यावे, ही चाहत्यांची सर्वांत मोठी आशा आहे. मालिकेमुळे आलेल्या नव्या चाहत्यांना खूश करण्याच्या नादात खेळ अधिक सोपा, अधिक निरुपद्रवी होईल, ही सर्वांत मोठी धास्ती.

या दोहोंचा विचार करताना २००८चा अनुभव हाताशी असावा. दृश्य बदलले, लढाईची रीत बदलली, शहर बदलले, म्हणून ‘फॉलआउट’ बिघडत नाही. त्यावर शक्ती खर्च करण्यात अर्थ नाही. उद्याची झलक पाहताना चित्रे किती सुंदर आहेत, यापेक्षा काही साधे प्रश्न विचारावेत. शत्रूला न मारता पुढे जाता येते काय? चुकीच्या माणसाला मारले, तर कथा अडते की वळते? मंद बुद्धीच्या पात्राला जग वेगळे दिसते काय? आणि फॉक्ससारखा सोबती शेजारी उभा असताना त्याला आत पाठवता येते काय?

यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर वरून दिसो वा समोरून, तो ‘फॉलआउट’च असेल. नसतील, तर जुन्या चाहत्यांनी कुरकूर करावीच. मे २००९मध्ये शेवट बदलला गेला, तो अशाच कुरकुरीनंतर.