कराची, मुंबई, दिमोना

आमचे बाबा ९७ वर्षं जगले. या आयुष्यात त्यांनी तीन देश पाहिले असं लोक म्हणत, पण त्यांचा हिशेब वेगळा होता. ते म्हणायचे, मी तीन गावांत राहिलो. कराची, मुंबई आणि दिमोना. देश बदलणारे दुसरेच, आम्ही फक्त पेटी उचलली.

बाबांचा जन्म १९२६चा, कराचीतला. आमच्या मुलांना आज हे ऐकून नवल वाटतं, की कोकणातली तेल काढणारी शनिवार तेल्यांची माणसं सिंधमध्ये कशी पोचली. पण तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा प्रांत झाला १९३६ साली. मुंबईहून कराचीला बदली होणं म्हणजे आगबोटीत बसणं, एवढंच. रेल्वे, टपाल, म्युनिसिपालिटी, फौज, सगळीकडे आपले लोक होते. मराठी माणसंही भरपूर होती. कराचीची ती जुनी एन. जे. व्ही. शाळा आहे ना, तिच्या नावातले नारायण जगन्नाथ वैद्य आपले मराठीच. आजोबा नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत फिटर होते आणि बाबाही त्याच कामाला लागले.

मशीद (बाबा सिनेगॉगला शेवटपर्यंत मशीदच म्हणत) होती रणछोड लाइनमध्ये. नाव मागेन शालोम. ती १८९३ साली सॉलोमन डेव्हिड उमेरडेकर यांनी बांधली. ते कराची म्युनिसिपालिटीत सर्व्हेअर होते. बाबांची सुंथ झाली ती या मशिदीत. आजी १९३९ साली वारली आणि तिला मेवाशाहच्या कबरस्तानात आपल्या लोकांच्या भागात पुरलं. तेव्हा बाबा तेरा वर्षांचे होते आणि आत्या दोन वर्षांची. पोरीची वेणी घालायला बाबा शिकले ते तेव्हा. पुढे आमच्या वेण्याही तेच घालत, आईपेक्षा घट्ट.

फाळणीनंतर आणि १९४८मध्ये इस्राएल झाल्यावर कराचीत राहणं कठीण झालं. बहुतेक कुटुंबं मुंबईला आली. आजोबा, बाबा आणि आत्या बोटीने आले तेव्हा बरोबर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात भांडी थोडी, कागद जास्त. आजोबांची रेल्वेची सर्टिफिकिटं, आणि आजी-आजोबांची केतुबा. भांडी का नाही आणली म्हणून नातेवाईक हसले, असं बाबा सांगत.

मुंबईचं फार सांगत नाही, ते आपल्या सगळ्यांच्या घरी सारखंच आहे. परळचं वर्कशॉप, माझगावची खोली, लग्न, आम्ही तिघं भावंडं. आत्या आधी इस्राएलला गेली. मग १९६१ साली बाबा आम्हाला घेऊन विमानाने आले. दिमोना वसून तेव्हा सहाच वर्षं झाली होती. चहूकडे वाळू, आणि कापडगिरणी. बाबांना गिरणीच्या मशीनवर काम मिळालं. आईने सामानात पाच किलो पोहे आणले होते, एलियाहू हन्नबीच्या मलिद्यासाठी. इथे पोहे मिळणार नाहीत हे तिला कुणीतरी कळवलं होतं, आणि ते खरंच निघालं.

आता आत्याच्या लग्नाची गोष्ट. ती लिहू नये असं काही वडीलधारे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

आत्याचं लग्न एका मोरोक्कोच्या मुलाशी ठरलं होतं. १९६२ साली धर्मगुरूंच्या सूचना निघाल्या, की बेने इस्राएल मुलामुलीने दुसऱ्या यहुद्याशी लग्न करायचं असेल तर आईकडची आणि वाडवडिलांची चौकशी करावी, जमेल तितकी मागे जाऊन. बाबांनी पेटी उघडून केतुबा नेली. लग्न नोंदवणाऱ्या कारकुनाने ती वाचली आणि मुलीच्या आजीची मागितली. मुलीची आजी कोकणातल्या खेड्यातली, आणि तिच्या मुलीचे कागद कराचीत, जिथे आता पत्रसुद्धा जाईना. बाबांनी त्याला काय उत्तर दिलं ते आम्हाला आईकडून कळलं. ते म्हणाले, आमच्या आईची कबर बघायला तुम्हीच जाऊन या.

१९६४च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला निदर्शनं करायला जमले. बाबा रजा टाकून गेले. रजेचे पैसे कापले गेले, आणि त्या महिन्यात घरात मासळी आली नाही, एवढं आम्हाला आठवतं. १७ ऑगस्टला क्नेसेटने ठरावात सांगितलं, की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. त्यानंतर सूचनांतून आपलं नाव काढलं गेलं. आत्याचं लग्न त्या हिवाळ्यात झालं. दोन वर्षं थांबलेला मुलगा थांबून राहिला, हे त्याचं मोठेपण. काही लोक मात्र त्याआधीच चिडून भारतात परत गेले होते. बाबा गेले नाहीत. भांडून मिळवलेलं घर सोडायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्तीनंतर ते खूप फिरले. १९९२मध्ये भारत-इस्राएल संबंध जुळल्यावर सहा वेळा मुंबईला गेले, प्रत्येक वेळी नवगावला आणि खंडाळ्याला. एकदा नातवंडांनाही नेलं. कराचीला मात्र इस्राएलचा पासपोर्ट चालत नाही. मागेन शालोम १९८८मध्ये पाडलं आणि तिथे दुकानांची इमारत झाली, हे त्यांना बऱ्याच उशिरा कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शेवटच्या वर्षी हिब्रू त्यांच्या जिभेवरून गेली. मराठी राहिली, आणि थोडी सिंधी. असं आम्ही वॉर्डातही पुष्कळ पाहिलं आहे, उशिरा शिकलेली भाषा आधी निघून जाते. मेवाशाहच्या कबरस्तानाचे फोटो आम्ही त्यांना कॉम्प्युटरवर मोठे करून दाखवत असू. मोडलेले दगड, झुडपं, मधूनच एखादं मराठी अक्षर. आजीचा दगड सापडला नाही. तरी ते रोज विचारत, आज नवीन फोटो आले का?

कराचीहून आलेल्या कुटुंबांना विनंती. घरात मशिदीतल्या लग्नाचा फोटो, केतुबा किंवा कबरस्तानातल्या जागेची चिठ्ठी असेल तर फेकू नका, आम्हाला त्याची नक्कल द्या. बाबांची पेटी आमच्याकडे आहे. तिच्यात अजून जागा आहे.