बिनसाऱ्याची कुळे

मुंबई बेटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कोळी, भंडारी आणि पाठारे प्रभू यांना या भूमीचे जुने रहिवासी म्हणून यथोचित मान दिला, पोर्तुगीज आणि इंग्रज अंमलदारांच्या कारकिर्दी सनावळीसह नोंदविल्या, आणि कोणती खाडी कोणाच्या हुकमाने बुजविली याचाही तपशील जुन्या दफ्तरांतून शोधून काढला. परंतु मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्यावर या बेटांच्या सखल पोटातून रात्रभर जो घोष उठत असे, त्याच्या धन्यांची दखल घेण्याची तसदी त्यांपैकी बहुतेकांनी घेतली नाही.

वास्तविक हे धनी सामान्य नव्हेत. मलबार टेकडीपासून वरळीपर्यंतची पश्चिमेची रांग आणि माझगाव, परळ, शिवडी अशी गेलेली पूर्वेची रांग यांच्या मधला मुलूख पूर्वी भरतीच्या वेळी समुद्राखाली जाई. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या पुढाकाराने, १७८४ च्या सुमारास, महालक्ष्मी आणि वरळी यांमधील खिंडार बांध घालून बंद करण्यात आले, तेव्हा त्या बांधाआडची खाजणे हळूहळू उघडी पडली, आणि कंपनी सरकारने ती अल्प साऱ्यावर लागवडीस दिली. अशा जमिनीला फोरास म्हणत. तिच्यावरील हक्कांचा निकाल लावण्यासाठी पुढे १८५१ साली खास कायदा करावा लागला. आता, बेडकाची त्वचा अशी पातळ आणि सच्छिद्र की खारे पाणी त्याला सहसा मानवत नाही. त्यामुळे जेथून समुद्र हटला आणि जेथे पावसाचे गोडे पाणी भाताच्या खाचरांत चार महिने तुंबू लागले, तेथे सारा न भरणारी ही कुळे आपोआप वसली. हॉर्नबीच्या बांधाने मुंबईत इंग्रजांपेक्षा मंडूकांचेच राज्य अधिक विस्तारले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

या समाजातील प्रत्येकाचा स्वर निराळा, आणि ज्याला कान आहे त्याला अंधारातही त्यांची जात ओळखता येते. सर्वांत प्रतिष्ठित तो मोठा पिवळा बेडूक, ज्याला दोदँ या फ्रेंच पंडिताने १८०२ मध्ये वाघाच्या नावाने संबोधिले. वीतभर लांबीचा हा प्राणी उन्हाळाभर जमिनीत गाडून घेऊन पडून राहतो, आणि पहिल्या मुसळधार पावसाबरोबर वर येतो तो अंगावर लिंबासारखा पिवळा रंग आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगवून. आपण ज्याला ‘डराँव डराँव’ म्हणतो तो खर्ज त्याचाच. त्याच्या उलट इवलासा पाणबेडूक पृष्ठभागावर टणाटण उड्या मारीत पळतो आणि दिवसाढवळ्याही ‘टुक् टुक् टर्रर्र’ असे बोलून घेतो. खाचराच्या बांधावरील किरट्या बेडकाची टिकटिक रातकिड्याच्या स्वरात मिसळून जाते. आणि जेमतेम बोटाच्या पेराएवढा, चिमुकल्या तोंडाचा एक नक्षीदार बेडूक कंगव्याच्या दातांवरून नख ओढावे तसा आवाज इतक्या जोराने काढतो की, ऐकणारा त्याच्या देहाला दहापट मोठा समजून शोधत राहतो. अंगभर पुटकुळ्या असलेला भेक मात्र दीर्घ, संथ, काहीसा करुण असा सूर धरतो. वाड्यांतील केळी-पोफळींवर राहणारा आणि न्हाणीघराच्या ओल्या भिंतीला चिकटून बसणारा झाडबेडूक लाकडावर टकटक केल्यासारखा थांबूनथांबून बोलतो, व आपली अंडी पाण्यावर लोंबणाऱ्या फेसाच्या गोळ्यात ठेवतो.

आमच्या पूर्वजांनी हे भेद ऐकले नव्हते असे नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात कोणी गाईसारखा तर कोणी बकऱ्यासारखा बोलतो, कोणी ठिपक्यांचा तर कोणी हिरवा, असे स्पष्ट वर्गीकरण आहे, आणि अमरसिंहाने आपल्या कोशात भेक, मंडूक, वर्षाभू, शालूर, प्लव, दर्दुर अशी सहा नावे ओळीने दिली आहेत. व्यवहारातल्या मराठीने मात्र ही सारी संपत्ती गुंडाळून ठेवून बहुतेकांना ‘बेडूक’ या एकाच खाती जमा केले. पंचांगकर्त्यांनी तेवढे त्याला पद दिले: पर्जन्यनक्षत्राचे वाहन बेडूक असले की पाऊस चांगला, हा संकेत गणपत कृष्णाजींनी १८४१ साली मुंबईत छापील पंचांग काढले त्याच्याही आधीपासूनचा, आणि आज दादर-लालबागच्या स्वयंपाकघरांत टांगलेल्या दिनदर्शिकांतही तो टिकून आहे. ज्या घरात त्याचा आवाज दोन पिढ्यांत कोणी ऐकला नाही, तेथे तो कागदावर दरवर्षी नक्षत्र वाहून नेतो, ही गंमत मला तरी फार मोलाची वाटते.

गिरगावाचे पाणी परळच्या पाण्याहून वेगळे होते. मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, आंबेवाडी ही नावेच सांगतात की येथे शेते आणि बागा होत्या, आणि बागेला विहीर आलीच. शिवाय आसपास तलावांची रांग होती: धोबी तलाव, कावसजी पटेल तलाव, गवालिया तलाव. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि तलावांची गरज सरली. एकेक करून ते बुजविण्यात आले, आणि त्यांची नावे रस्त्यांना व मैदानांना देऊन नगरपालिकेने जणू त्यांचे श्राद्ध उरकले. विहिरी मात्र अधिक चिवट निघाल्या. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांविषयी अहवाल सादर केला. रोगाचा डास मुख्यतः घरोघरच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो असे त्यांनी दाखविले, आणि विहिरी बुजवा किंवा झाका असा तगादा सुरू झाला. धर्मकृत्यांसाठी विहिरीचेच पाणी हवे म्हणून पारशांनी आणि हिंदूंनी तक्रारी केल्या, तेव्हा जाळीच्या झडपेचे झाकण ही तडजोड निघाली. झडपेतून पोहरा जाई. बेडूक जाऊ शकत नसे. हिवतापाने माणसे मरत होती, तेव्हा या बंदोबस्ताला दोष देणे अन्यायाचे होईल. पण कूपमंडूकाचे कूप कसे गेले, ते मात्र येथे कळते.

विशेष हे की, पाण्याचा बंदोबस्त करणारे आणि प्राण्यांचा अभ्यास करणारे लोक पुष्कळदा एकाच पेशाचे होते. १८६४ मध्ये मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिणारे डॉ. अँड्र्यू लीथ हे प्राण्यांचे नमुनेही जमवीत, आणि माथेरानच्या एका लहानशा उडीबाज बेडकाला बूलँजे याने १८८८ साली त्यांचेच नाव दिले. भायखळ्याच्या संग्रहालयात १८८३ च्या सप्टेंबरात आठ गृहस्थांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी वैद्य होते. या संस्थेच्या नियतकालिकात चार्ल्स मॅकॅन यांनी १९३२ मध्ये भारतीय उभयचरांवर टिपणे लिहिली, आणि पुढे जे. सी. डॅनियल यांनी पश्चिम भारतातील बेडकांची ओळख करून देणारी लेखमाला चालविली. मराठी वाचकाला यातले फारसे काही मिळाले नाही.

शहरातील बेडकांचा शेवटचा मोठा आसरा बहुधा गिरण्यांचा असावा. परळ-लालबागच्या कापडगिरण्यांत यंत्रांची वाफ थंड करण्यासाठी आवारातच तलाव खोदलेले असत. काळाचौकीच्या एका बंद गिरणीतला तलाव अजून शिल्लक आहे, आणि तेथे वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे ठरले. याच परिसरात सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये उभे राहिले, आणि मोठ्या पिवळ्या बेडकाच्या नशिबी निराळी चाकरी आली. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला त्याच्या पायाच्या स्नायूवर विजेचा परिणाम पाहावा लागे, इंटर सायन्सच्या विद्यार्थ्याला मेणाच्या तबकात त्याचे पोट फाडावे लागे. गिरगाव ते माटुंगा अशा सगळ्या महाविद्यालयांत कित्येक पिढ्यांचे शरीरशास्त्र त्याच्या देहावर पोसले गेले. दुसरीकडे त्याच्या तंगड्या परदेशी ताटांसाठी गोठवून जहाजांवर चढू लागल्या. १९८० च्या दशकाच्या आरंभी ही निर्यात वर्षाला चार हजार टनांवर पोचली होती, आणि शेतांत कीड माजू लागल्याची ओरड झाल्यावर १९८७ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली.

आजही परळ-दादरच्या सीमेवरील हिंदमाता चौकात दर पावसाळ्यात पाणी भरते, कारण जुन्या खाजणाची बशी डांबराखाली तशीच आहे. ते पाणी साठवण्यासाठी महापालिकेने जवळच्या मैदानांखाली प्रचंड टाक्या बांधल्या. परंतु बेडकाच्या पिलांना उथळ, मातीच्या तळाचे आणि काही आठवडे न हलता टिकणारे पाणी लागते, आणि पंप लावून काही तासांत उपसले जाणारे पाणी त्यांच्या उपयोगाचे नाही. तग धरली ती भेकाने. त्याला पावसाची वाट पाहत बसावे लागत नाही, बागेतल्या हौदावरही त्याचा संसार चालतो, रात्री म्युनिसिपल दिव्याखाली पडणाऱ्या किड्यांवर त्याची गुजराण होते, आणि त्याच्या कानामागच्या ग्रंथींत विष असल्यामुळे त्याची तंगडी खाण्याची इच्छा फ्रान्समध्येही कोणाला झाली नाही.