सुईच्या बदल्यात सुई
ॲमस्टरडॅम, १९८४. शहराच्या मध्यभागातल्या एका औषधविक्रेत्याने हेरॉइन टोचून घेणाऱ्यांना सिरिंज विकणं बंद केलं. आता एकच सुई अनेकांच्या हातांत फिरणार, हे नशा करणाऱ्यांच्याच ‘जंकीबॉन्ड’ या संघटनेने ओळखलं आणि जुन्या सुया घेऊन नव्या द्यायला सुरुवात केली. कारण एड्स असेल असं मला वाटायचं. पण भीती हिपॅटायटिस बीची होती!

तिच्यावर लस तेव्हा आलेली होती. पण डोस तीन, सहा महिन्यांत. आज रात्री कुठे झोपायचं हे ज्याला ठाऊक नाही, तो सहाव्या महिन्यात परत येणार कसा? तलफ आवरणाऱ्या मेथाडोनसाठी मात्र लोक रोज यायचे. १९७९पासून त्याची बसच शहरात फिरत होती. मला विचाराल तर लस टोचायची जागा तीच, त्या बसच्या दाराशी.