खापरीवरचे नाव

इंग्रजी वर्तमानपत्रात कुणाला 'ऑस्ट्रसाइझ' केल्याचे वाचले की आपण मनात 'वाळीत टाकले' असा अर्थ लावतो. आजच्या वापरापुरता तो बरोबरच आहे. नोकरीवरून काढणे किंवा तडीपार करणे यासाठी हा शब्द चालत नाही. चारचौघांनी मिळून एखाद्याशी संबंध तोडले, तरच तो शोभतो. पण त्याच्या पोटात एक खापरी आहे, आणि तिची गोष्ट निराळी आहे.

फुटक्या मडक्याच्या तुकड्याला ग्रीक भाषेत 'ऑस्ट्राकॉन' म्हणत. प्राचीन अथेन्समध्ये पपायरस महाग, खापऱ्या मात्र हव्या तेवढ्या. एखादा पुढारी डोईजड होतोय अशी धास्ती वाटली, की नागरिक अगोरा या चौकात जमत आणि नको असलेल्या माणसाचे नाव खापरीवर कोरून देत. किमान 6000 खापऱ्या पडाव्या लागत. निकाल ज्याच्यावर येई त्याने दहा दिवसांत शहर सोडायचे आणि दहा वर्षे परतायचे नाही. त्याचे घरदार, शेतीवाडी मात्र त्याचीच राही. आरोप नाही, खटला नाही. इ.स.पू. 487 मध्ये हा प्रयोग प्रथम झाला. पुढे इ.स.पू. 482 मध्ये हद्दपार झालेल्या अरिस्टायडिस या पुढाऱ्याला इराणी स्वारीच्या वेळी मुदतीआधीच परत बोलावले, आणि प्लाटियाच्या लढाईत अथेन्सचे सैन्य त्याच्याच हाताखाली लढले.

लबाडीही होतीच. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याच्या नावाच्या सुमारे 190 खापऱ्या सापडल्या. अक्षर पाहिले तर लिहिणारे हात जेमतेम चौदा! मते आधीच कोरून वाटायला ठेवली असावीत, असे दिसते.

सतराव्या शतकात शब्द इंग्रजीत रुळला. मतदान गळाले, मुदत गळाली, मालमत्तेचे रक्षण गळाले. उरले ते दूर लोटणे. म्हणूनच 'वाळीत टाकणे' त्याला आज जुळते, मूळ अर्थाला जुळत नाही. आपल्याकडे वाळीत टाकलेल्या घराला पाणवठा बंद, दुकान बंद, मयताला खांदा बंद, आणि हे किती वर्षे चालायचे ते कुणी सांगत नसे. अथेन्सची खापरी याहून कितीतरी माणुसकीची होती. अशा सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.