लसपूरक द्रव्ये
लसीतील प्रतिजनाला शरीराचा जोरकस व टिकाऊ प्रतिसाद मिळावा म्हणून मिसळलेली द्रव्ये (ॲड्जुव्हंट). जिवंत जंतूंच्या लशींना ती सहसा लागत नाहीत. शुद्ध प्रथिनांच्या लशी मात्र त्यांच्यावाचून बहुधा फिक्या पडतात.

टोचल्या जागी गळू आलेल्या घोड्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त मिळते, हे फ्रान्समध्ये गास्ताँ रामों यांना दिसले. १९२५ च्या सुमारास त्यांनी घटसर्पाच्या टॉक्सॉइडमध्ये चक्क टॅपिओका मिसळून पाहिला. १९२६ मध्ये इंग्लंडात अलेक्झांडर ग्लेनी यांनी तुरटी वापरली. ॲल्युमिनियमचे क्षार आजही त्रिगुणी व कावीळ-ब लशींत असतात; त्यांचे कार्य नेमके कसे चालते, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. त्यांची एक खोड आहे: लस गोठली की कण एकमेकांना चिकटतात आणि ती निकामी होते. गोठल्याची शंका आलेली कुपी हलवून ठेवतात. गाळ भरभर तळाशी बसला, तर ती टाकून देतात.

नव्या द्रव्यांत मॅट्रिक्स-एम उल्लेखनीय. चिलीतील क्विलाया वृक्षाच्या सालीतील सॅपोनिन, कोलेस्टेरॉल व फॉस्फोलिपिड यांचे ते अतिसूक्ष्म कण होत. ते असलेल्या आर-२१ या हिवतापाच्या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. तिचे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते.